तिकडची माणसं

नेमीचंद काकाजी भित्रे होते आणि हे ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकत. कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले आणि खोली शोधत त्यांच्या भांड्यांच्या दुकानात पोचले, तर माझं नावगाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही जिन्यात पाय आपटत चालता का? मला बिलकुल सहन होत न्हाई. छाती धडधड करती." मी सावकाश चालेन असं कबूल केलं. मग घरात अंडं-मटण शिजणार नाही एवढी एकच अट घालून त्यांनी वरच्या दोन खोल्यांची किल्ली काढून दिली. जालन्याला आमच्या घरी मटणाशिवाय रविवार साजरा होत नाही. ते मी आईकडे जाऊनच खाईन म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. मी त्यांना "जय जिनेंद्र" म्हणायची, ते मला "जय भीम" म्हणायचे. असा आमचा घरोबा सुरू झाला.

गाव त्यांना पिच्चरवाले शेठ म्हणे. त्याचं कारण त्यांच्या हैदराबादच्या आतेभावाची कॅसेटची लायब्ररी. ती बंद पडली तेव्हा ज्या कॅसेटला कुणी हात लावत नव्हतं त्यांची एक पेटी भरून त्याने पिंपळगावला पाठवून दिली. सगळे जुनेपुराणे इंग्रजी सिनेमे, काळेपांढरे, आणि सगळ्यांची गोष्ट एकच. आभाळातून कुणीतरी येतं आणि आपल्या माणसांचा ताबा घेतं. अगदी कमी खर्चात काढलेले सिनेमे होते ते. एकाच खोलीचे पडदे बदलून तीन घरं दाखवायची, सैन्य म्हणून चार माणसं पळवायची, राक्षसाच्या पाठीवरची चेन सरळ दिसायची. काकाजींचा मुलगा पंकज पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा जाण्याआधी त्याने ते सगळं पेन ड्राइव्हवर घालून दिलं. मी गेले तेव्हा टीव्हीला तो पेन ड्राइव्ह कायमचा खोचलेला होता.

दुकान शनिवारी बंद असे. दुपारचं जेवण झालं की खिडक्यांवर सतरंज्या टांगायच्या, दार लोटायचं आणि सिनेमा लावायचा. रात्री बघायचा प्रश्नच नव्हता. एक तर रात्री काकाजींची हिंमत झाली नसती, आणि दुसरं म्हणजे जैनांचं घर, सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळे काकींची चूल पेटायच्या आधी जग वाचलेलं असणं भाग होतं. मला पहिल्या शनिवारी बोलावणं आलं. बाहेर रणरणतं ऊन, शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर, आणि आत काळोखात काकाजी तख्तावर दोन्ही पाय वर घेऊन बसलेले. पाय खाली सोडून ते कधीच बसत नसत. खाली काय आहे ते दिसत नाही म्हणे.

पडद्यावर उडती तबकडी आली. ती दोऱ्याला बांधलेली होती आणि हलत होती. काकाजी म्हणाले, "दोन पराती हायेत. एकीवर एक पालथी घातली. वरचं ते डब्याचं झाकण." भांड्यांत जन्म गेलेला माणूस, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? परग्रहावरच्या माणसाच्या डोक्यावरचा टोप म्हणजे कडी काढलेलं पातेलं होतं, बंदूक म्हणजे तेलाचं नरसाळं. मी हसायला लागले आणि बघते तर काकाजी घामाने डबडबलेले. मी म्हटलं, काकाजी, परात आहे हे तुम्हीच म्हणालात ना? ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "परात हाय हे मला दिसून राह्यलं, मॅडम. परातीतून कोण उतरून राह्यलं ते बघा."

यात त्यांचा सगळा स्वभाव आला. खोटं आहे हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं आणि भीती मात्र पुरती खरी होती. आणि ती संसर्गजन्य होती. त्या दिवशी लख्ख उन्हात मी जिना चढून वर गेले आणि आधी खाटेखाली वाकून पाहिलं. मी विज्ञान शिकवते, मुलांना भुताखेतांवर विश्वास ठेवू नका म्हणून दटावते. पण सोमवारी हेडमास्तरांशी बोलताना ते पापण्या मिटतात की नाही इकडे माझं लक्ष होतं.

इंग्रजीचं एक अक्षर काकाजींना येत नव्हतं. गोष्ट ते स्वतःच लावायचे आणि आम्हाला सांगायचे. चष्मेवाला शास्त्रज्ञ म्हणजे मास्तर, फौजेचा अधिकारी म्हणजे फौजदार, आणि आभाळातून येणारे ते सगळे 'तिकडचे'. परग्रहावरचा प्राणी खोक्यातून घोगरं बोलायला लागला की काकाजी भाषांतर करायचे, "म्हणून राह्यला, आमच्याकडचं पाणी सरलं." प्रत्येक सिनेमात ते पाण्यासाठीच यायचे. जालना जिल्ह्यातल्या माणसाला दुसरं कारण सुचणार तरी कुठलं? एकदा मी न राहवून सांगितलं, काकाजी, तो म्हणतोय की आम्हाला तुमच्यावर राज्य करायचंय. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. राज्य करून कुणाची तहान भागली का, असं विचारलं, आणि पुढे तिकडेही टँकर लागला असेल म्हणून हळहळले.

काकी या सिनेमांच्या वाटेला जात नसत. कमलबाई त्यांचं नाव, माहेर आष्टीचं. ठेंगण्या, चटपटीत, बोलणं तोडून. शनिवारी त्या स्वयंपाकघरात डाळ निवडत बसायच्या आणि टीव्हीतून किंकाळी आली की तिथूनच ओरडायच्या, आवाज कमी करा म्हणून. काकाजींचं भित्रेपण त्यांनी संसारात एक जास्तीचं माणूस असावं तसं सांभाळलं होतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी गावावर गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा. मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या, लोक कपाळाला हात लावून बसले, आणि पोरं अंगणात गारा वेचून तोंडात टाकायला लागली. काकाजी सांडशी घेऊन बाहेर धावले. त्यांच्या एका सिनेमात तिकडचे गारांतूनच उतरले होते. पोरांच्या तोंडातल्या गारा त्यांनी थुंकायला लावल्या, एक गार सांडशीत धरली, कडीच्या डब्यात बंद केली आणि डबा मांडीशी घेऊन बसले. गार विरघळली. आता पाणी झालं, टाकून द्या, असं काकी म्हणाल्या. तर यांना नवाच घोर लागला. आत जीव असला तर? तिकडचा असला म्हणून काय झालं, जीव तो जीव. त्यांच्यात पिण्याचं पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायची रीत आहे. काकाजींनी ते गारेचं पाणी फडक्यातून गाळलं. आता हे फडकं कुठे पिळायचं? हे जीव तर आभाळातून आलेले. शेवटी ते गच्चीवर गेले आणि फडकं आभाळाकडे धरून झटकलं. मी वरच्या दारातून बघत होते. भीतीने हात कापताहेत आणि तरी फडकं नीट चारी कोपऱ्यांनी झटकताहेत, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग खुणेचं प्रकरण. त्यांच्या मते सगळ्यात भयंकर सिनेमा तो, ज्यात राक्षसच नाही. एका लहान गावातल्या पोस्टमनच्या अंगावर शेतातून जाताना उजेड पडतो आणि तो घरी येतो. तोच चेहरा, तीच टोपी. फक्त कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत नाही. बायको त्याला घरात घेते, आणि मग एकेक करत सगळं गाव तिकडचं होतं. काकाजींनी तो सिनेमा अनेकदा पाहिला होता आणि त्यांचा निष्कर्ष पक्का होता. चूक बाईची नव्हती, तिला ओळखू येणार कसं? चूक ही की घरात खूण ठरलेली नव्हती.

म्हणून त्यांच्या घरात खूण होती. प्रत्येक माणसाला एक प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त त्या माणसाला आणि काकाजींना माहीत. पंकजला होती, दुकानातल्या नोकराला होती, आणि पहिल्या वर्षातच मलाही खूण ठरवावी लागली. माझा प्रश्न, पहिली सायकल कुणी मोडली? आमच्या घरात सगळे समजतात भावाने, त्याने त्यासाठी मारही खाल्ला होता. खरं उत्तर, मीच. दर शनिवारी सिनेमा संपून सतरंज्या उतरल्या की काकाजी सगळ्यांना खूण विचारायचे आणि मगच चहाला परवानगी मिळायची. काकींना ते सर्वांत शेवटी हाक मारायचे. त्या पिठाच्या हातांनी यायच्या, वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगायच्या, आणि काकाजींच्या चेहऱ्यावरची भीती ओसरून ते लाजल्यासारखे हसायचे. एरवी चारचौघांत ती दोघं इतकी जवळ येत नसत. मला ते बघायला फार आवडायचं.

माझी तिथली बरीच वर्षं अशी मजेत गेली. मग काकाजी चुकायला लागले. पातेल्यावर भलत्याच मापाचं झाकण घालून गिऱ्हाईकाला द्यायचे. नोकराला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायचे. वय झालं, असं आम्ही म्हणायचो.

ती दोघं आपसात मारवाडी बोलत. मला त्यातलं निम्मंच कळायचं आणि मी कान द्यायचेही नाही. एका सकाळी मी शाळेची तयारी करत होते आणि खालचं बोलणं मला शब्द न शब्द कळायला लागलं. काकाजी मराठीत बोलत होते. गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात ते विचारत होते, "तुम्ही कोण? कोणाकडं आल्या?" आणि काकी मारवाडीत काहीतरी सांगत होत्या. पुन्हा मराठी, पुन्हा अहो-जाहो. केस विंचरता विंचरता माझा हात थांबला. मी खाली धावले, जिन्यात पाय आपटत.

काकाजी भिंतीला पाठ लावून उभे होते. मला बघून त्यांना धीर आला. म्हणाले, बरं झालं तुम्ही आल्या, आता खूण विचारू. त्यांनी काकींना प्रश्न केला. काकी पुढे झाल्या, नेहमीसारख्या वाकल्या, कानात बोलल्या. काकाजींनी मान हलवली. त्या पुन्हा बोलल्या. "न्हाई," काकाजी म्हणाले, "बराबर न्हाई." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते माझ्याकडे वळले आणि सायकल कुणी मोडली ते विचारलं. मी काय करणार? मीच, असं म्हणाले. "मॅडम मॅडमच हायेत," ते सुटकेने म्हणाले. काकींनी त्या क्षणी माझ्याकडे जसं पाहिलं ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

नंतर परसात नळाशी बसून काकींनी मला ती खूण सांगितली. आता तिचा उपयोग काय, म्हणाल्या. प्रश्न होता, आपल्या लग्नात कोण रडलं? कुणालाही विचारा, नवरीच रडली म्हणेल. पण काकी आष्टीहून निघताना रडल्याच नव्हत्या. गाडी सुटल्यावर काकाजी रडले होते. अनोळखी माणूस घरी न्यायचं म्हणून भ्याले होते. काकींनी त्यांना तोंड पुसायला पदर दिला होता. एवढं सगळं आता त्यांच्यातून पुसून गेलं होतं, आणि नवरी रडली हेच उत्तर त्यांना बरोबर वाटत होतं. काकी खरं सांगत होत्या म्हणून खोट्या ठरत होत्या.

पंकज आला. काकाजींना जालन्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की म्हातारपणच्या विसरण्यात असं होतं कधीकधी. चेहरा ओळखू येतो, पण हे माणूस आपलं आहे ही भावना येत नाही, म्हणून कुणीतरी सोंग घेऊन आलंय असं वाटतं. बहुतेक वेळा जे सगळ्यात जवळचं, त्याच्याच बाबतीत. औषधाने शांत राहतील, बरे होतील असं सांगता येत नाही. हे सगळं शास्त्राला धरून होतं आणि मला नीट कळलं, पण त्याने माझी भीती कमी झाली नाही. आईचा फोन आला की मी तिचा आवाज जरा जास्तच लक्ष देऊन ऐकायला लागले.

काकाजींनी काकींवर कधी हात उगारला नाही. ते फक्त भ्यायचे. काकी खोलीत आल्या की तख्तावर अंग चोरून घ्यायचे, मोठ्या पातेल्याचं झाकण छातीशी धरायचे. त्यांच्या हातचं जेवेनात. मग काकी स्वयंपाक करायच्या, मागच्या दाराने ताट वर माझ्याकडे यायचं आणि मी ते पुढच्या जिन्याने माझं म्हणून खाली न्यायची. एकदा जेवताना ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताला आमच्या कमलसारखी चव हाय. ती आली की तिला सांगतो." दाराआड काकी उभ्या होत्या. मी भाजी वाढण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

काकी मला म्हणाल्या होत्या, "मारलं असतं तर सोसलं असतं. मला बघून थरथरतेत, ते कसं सोसू?"

पंकज वाईट मुलगा नव्हता. त्याने सांगितलं, असं चाललं तर आईचं काय होईल? पप्पांना पुण्यात म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका जागी ठेवू, आईला मी घरी नेतो. काकी कबूल होईनात. त्यांचं म्हणणं, अनोळखी जागेत, अनोळखी माणसांत हा माणूस भीतीनेच मरेल. शेवटी दिवाळीपर्यंत बघायचं ठरलं. दिवाळी झाली. काही सुधारलं नाही. पंकज रविवारी गाडी घेऊन यायचा होता आणि शनिवारी दुपारी काकाजींनी काकींना घराबाहेर काढून आतून कडी लावली.

मी शाळेतून आले तर काकी स्वतःच्या दारात पायरीवर उभ्या. गिरणीवरची माणसं येऊन थांबली होती, समोरच्या बाया ओट्यावर आल्या होत्या. कुणी म्हणत होतं पंकजला फोन लावा, कुणी म्हणत होतं दार तोडा. खिडकीच्या गजांमागे काकाजींचा चेहरा होता, पांढराफटक. काकी पुन्हा पुन्हा सांगत होत्या, मी कमल, आष्टीची कमल, तुमची बायको. प्रत्येक वेळी काकाजी आणखी मागे सरकत होते. मला वाटलं, संपलं. उद्या पंकज येईल, आईला अशी रस्त्यावर बघेल आणि याच्यापुढे कुणी काही बोलू शकणार नाही.

काकाजी आतून म्हणाले, "खरं सांगा. तुम्ही कोण हाव?"

काकी दमल्या होत्या. पदराने तोंड पुसलं, गजांना धरलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलल्या. "मी तिकडची हाय," त्या म्हणाल्या. "मला जायला दुसरी जागा न्हाई. ठेवून घ्या."

ओट्यावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आता हा माणूस काय करील ते मला सांगता येईना. मग कडी वाजली. दार बोटभर उघडलं आणि काकाजी म्हणाले, "मंग तसं सांगायचं न्हाई का आधी? उगं माझ्या बायकोचं नाव कामून घेऊन राह्यल्या?" एका हाताने झाकण छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी दार पुरतं उघडलं. विचारलं, जेवल्या का? ऊन उतरायला लागलं होतं, सूर्य बुडाला की या घरात काही मिळणार नाही, जल्दी या, म्हणाले.

रविवारी पंकज आला तेव्हा त्याचे वडील स्वयंपाकघरात उभे राहून त्याच्या आईला गॅस कसा पेटवायचा ते शिकवत होते. काकी मन लावून ऐकत होत्या. पंकज दारातच उभा राहिला. मग गाडी घेऊन एकटा परत गेला.

पुढे वर्षाहून जास्त काळ ती दोघं तशी राहिली. काकाजींची भीती गेली असं नाही. काकी मागून आल्या तर ते अजून दचकायचे, झाकण हाताशी ठेवायचे. पण पाहुणी म्हणून त्यांनी तिला मानलं होतं. आपल्याकडे पाणी गाळून पितात, सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, असं सगळं तिला समजावायचे. घरची आठवण येते का, तिकडे कोण कोण आहे, विचारायचे. आणि दुपारी बसून आपल्या बायकोबद्दल सांगायचे. कमल किती हुशार, कमलने दुकान कसं सावरलं, कमलच्या पायगुणाने काय काय झालं, कमल असली की मला भ्या वाटत नाही. माहेरी गेलीय, येईल. काकी समोर डाळ निवडत हे सगळं ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत एक शब्द न्हाई बोलले. आता रोज ऐकून राह्यले मी. पण ज्या बाईला सांगायचं ती मी न्हाई." असं म्हणून त्या हसल्या, आणि मग हसता हसता रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग माझी परतूर तालुक्यात बदली झाली. सामान जीपमध्ये चढवून मी खाली निरोप घ्यायला गेले. काकींनी दह्याची वाटी हातावर दिली. काकाजी तख्तावरून उतरले, पाय जमिनीवर टेकवून, आणि मला हाताला धरून दाराशी घेऊन गेले. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण मी शाळेतली आहे हे आठवत होतं. इतक्या जवळून मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. त्यांत नुसती भीती होती.

"तुम्ही मास्तरीण हाव, तुम्हाला कळलंच असंल," ते माझ्या कानाशी कुजबुजले. "ती तिकडची हाय."

मी मान हलवली.

"कोणाला सांगू नका. पिच्चरमधी शेवटी काय करतेत माहीत हाय ना? सगळं गाव जमतं अन् त्यांना जाळून टाकतं. ही गरीब हाय हो. हिनं कोणाचं काही केलं न्हाई. माझ्यानं एकट्यानं गाव अडवणं होईल का, मला समजंना."

मी म्हटलं, काकाजी, मी कुणाला सांगणार नाही. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि मग सोडला. आतून काकींनी विचारलं, काय म्हणून राह्यले? मी म्हटलं, काही नाही काकी, जपून जा म्हणाले.

जीप सुरू झाली. आवाज ऐकून गिरणीवरची दोन-चार माणसं मला हात करायला म्हणून दाराकडे आली. काकाजींनी त्यांना येताना पाहिलं. मी मागे वळून बघितलं तेव्हा ते उंबऱ्यावर उभे होते, दोन्ही हातांनी चौकटीच्या दोन्ही बाजू धरून. त्यांच्या खांद्यामागे काकी टाचा उंचावून मला बघायचा प्रयत्न करत होत्या, आणि ते त्यांना पुढे येऊ देत नव्हते.